गोष्टीत घातलेली म्हातारी

माझी सून दर रविवारी दुपारी आतल्या खोलीचं दार लावून घेते आणि फोनवर स्पॅनिशमध्ये कुणाशी तरी बोलते, हे लक्षात आलं तेव्हाच मी ओळखलं, कुठंतरी पाणी मुरतंय.

शंका घेणं हा माझा स्वभावच आहे. नाही कशाला म्हणू? आमचे हे मला फौजदारीणबाई म्हणायचे. सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून काढली मी. लोकांचं बोलणं ऐकायचं नाही असा तिथं नियम होता, आणि ऐकू तर यायचंच. माणूस खरं बोलतोय की थापा मारतोय, हे मला नुसत्या आवाजावरून कळतं. पण त्यासाठी भाषा तरी कळायला हवी ना! हिचं सगळं गुलुगुलु स्पॅनिशमध्ये.

घरात आम्ही दोघीच. माझा मुलगा आजारात गेला, त्याला आता चार वर्षं झाली. त्याच्यानंतर ही माहेरी निघून जाणार असं सगळे नातेवाईक धरून चालले होते. गेली नाही. मी तिला राहा म्हटलं नाही आणि जाही म्हटलं नाही. ती राहिली. चष्म्याच्या एका मोठ्या दुकानात डोळे तपासायचं काम करते. सकाळी डबा घेऊन जाते, संध्याकाळी येते. मग मी बातम्या लावते, ती मोबाइल बघते, आणि अधूनमधून आम्ही एकमेकींना मीठ जास्त झालं का, गॅस बंद केला का, असलं काहीतरी विचारतो. लोक म्हणतात, सासू-सुनेचं भांडण नाही, नशीबवान आहात. भांडायला आधी बोलावं लागतं हो.

ती गेली तर या घरात मी आणि फ्रीजची घरघर, एवढंच उरणार. हे मी कुणाला बोलून दाखवलेलं नाही. तिला तर नाहीच नाही.

"स्पॅनिश कशाला गं?" मी तिला एकदा विचारलं होतं.

"असंच, आई. डोक्याला चालना."

"डोक्याला चालना द्यायला पेपरात शब्दकोडं येतं की."

ती हसली आणि ताटं उचलून आत गेली. असंच! या शब्दाचा मला भयंकर राग आहे. असंच कुणी काही करत नाही. दुकानातून थकून आलेली बाई आठवड्यातून दोन संध्याकाळी परत क्लासला जाते ती असंच? कुणीतरी आहे, नाहीतर कुठंतरी जायचंय. दोन्हीपैकी काय, ते शोधून काढायला पाहिजे होतं.

मग मी तिच्याच क्लासात नाव घातलं. हसू नका. ती संध्याकाळच्या वर्गाला, मी सकाळी अकराच्या. फॉर्मवर माहेरचं आडनाव लिहिलं. घरी सांगितलं, गुडघ्यांसाठी व्यायामाला जाते. काट्यानं काटा काढायचा म्हटल्यावर काटा धरायला शिकायला नको?

क्लास एका कुरियरच्या ऑफिसवर दुसऱ्या मजल्यावर. खाली दिवसभर पार्सलांना टेप लावल्याचा चर्र आवाज, वर आम्ही चौघं. मी, एक निवृत्त दातांचे डॉक्टर, एक केक करून विकणारी मुलगी, आणि एक तरुण ज्याची होणारी सासुरवाडी स्पॅनिश बोलणारी होती. त्याला आम्ही नवरदेव म्हणायचो. शिकवणाऱ्या मॅडम चाळिशीच्या, अंबाड्यात कायम पेन्सिल खोचलेली. शोधत मात्र असायच्या टेबलावर.

महिन्याभरात या बाईंनी पाठ्यपुस्तक बाजूला ठेवलं आणि गोष्ट काढली. छापील कागद, एक पान. शब्दकोश उघडायचा नाही, आधी अंदाज करायचा. पहिल्यांदा वाचताना फक्त कोण काय करतंय तेवढ्याखाली रेघ. दुसऱ्यांदा, कुणाचा राग येतो ते सांगायचं. तिसऱ्यांदा मोठ्यानं.

मी म्हटलं, "मॅडम, टोमॅटो केवढ्याला ते आधी शिकवा. गोष्टी काय, लहान मुलांना सांगतात."

"आजी," त्या म्हणाल्या, "टोमॅटो केवढ्याला हे तुम्ही बोट दाखवूनसुद्धा विचाराल. पण मला राग आला होता तरी मी गप्प बसले, हे बोट दाखवून कसं सांगाल?"

"गप्प बसायला भाषा लागते होय?"

"गप्प बसायला नाही लागत. गप्प होते हे सांगायला लागते."

मला ते उत्तर आवडलं नाही. पण अंदाज करायचं काम मला जमायला लागलं. एक्स्चेंजमध्ये खरखरीतून अर्धं वाक्य ऐकून उरलेलं ओळखायचो, तसंच हे. बिएहा म्हणजे म्हातारी, हे मी पहिल्याच गोष्टीत शिकले. मालेता म्हणजे बॅग, पुएर्ता म्हणजे दार. डॉक्टरांना क्रियापदं पाठ, पण गोष्टीतला माणूस का रडतो ते त्यांना कधी कळायचं नाही. मला कळायचं, फक्त सांगता यायचं नाही. दोघांचा मिळून एक धड विद्यार्थी झाला असता.

सहा महिने गेले असतील. एका रविवारी मी ओट्याशी कांदा चिरत होते. आतून हिचा आवाज आला, आणि पहिल्यांदाच मला शब्द सुटे सुटे ऐकू आले. मी सुरी खाली ठेवली आणि जिवाचा कान करून दाराशी उभी राहिले.

मी बॅग काढते. म्हातारी आत पडलेली असते. मी तिला काही सांगितलेलं नाही. मी दाराशी जाते.

मधलं बरंच निसटलं, पण एवढं पुरेसं होतं. आणि आवाज थापा मारणारा नव्हता. तोच तर घोळ होता. आवाज अगदी खरा होता.

ती आंघोळीला गेल्यावर मी स्टूल घेतलं आणि या गुडघ्यांनिशी माळ्यापर्यंत पोचले. माझ्या मुलाच्या ट्रंकेवर बोटभर धूळ. जुन्या कुलरवर धूळ. हिची निळी बॅग तेवढी लख्ख पुसलेली. म्हणजे ठरलं तर. ही जाणार, आणि मला एक दिवस शेजारणीकडून कळणार.

पुढचे पंधरा दिवस मी तिच्याशी धड बोलले नाही. तिचा फोन वाजला की मी टीव्हीचा आवाज बारीक करायची. ती दुकानातून पाच मिनिटं उशिरा आली तरी मनात म्हणायची, गेली वाटतं. बॅग का पुसलीस एवढं विचारायला काय हरकत होती? पण विचारलं असतं तर ती खरं बोलली असती, आणि खरं ऐकायची माझी छाती नव्हती.

"आई, तुम्हाला बरं नाहीये का?" तिने विचारलं.

"मला काय धाड भरलीय?"

ती माझ्याकडे बघत राहिली. डोळे तपासताना बघते तसं, नीट, घाई न करता. मग म्हणाली, "व्यायामाला जाता ना?" मी म्हटलं, जाते. झालं, बोलणं संपलं.

आणि मग एका मंगळवारी मॅडमनी नवीन गोष्ट वाटली. बंदराच्या गावात राहणारी एक बाई. लाँड्रीत इस्त्रीचं काम करते. रोज दुपारी कपाटातून बॅग काढते, बसच्या थांब्यावर जाऊन बसते, बस सुटते, ही परत घरी येते. शेवट मॅडमनी मुद्दाम दिलाच नव्हता. म्हणाल्या, "संध्याकाळच्या, वरच्या वर्गानं हीच गोष्ट मागच्या महिन्यात केली. ती बाई म्हणजे आपणच असं समजून, फोनवर बोलून रेकॉर्ड करायची."

हात् तिच्या! म्हणजे गृहपाठ होता तो! मी साप साप म्हणून भुई धोपटत बसले होते. मला असं हसू फुटलं की नवरदेवानं पाण्याची बाटली पुढे केली. कुणी माणूस नाही, काही नाही, पोरगी बिचारी अभ्यास करत होती. मी केकवालीला म्हटलं, तुझा एक चॉकलेटचा केक बांधून दे, मोठा.

संध्याकाळी ही आली, तर टेबलावर केक.

"आज काय विशेष?"

"काही नाही. असंच."

तिच्या कपाळावर आठी पडली. आमच्या घरात शंका अशी या खांद्यावरून त्या खांद्यावर जाते. पण दोन तुकडे खाल्लेन, आणि दुकानात एक आजोबा तक्ता पाठ करून येतात त्याची गंमत सांगितलीन. मी खूप दिवसांनी खळखळून हसले.

दुसऱ्या दिवशी दुपारी गोष्ट पुन्हा वाचायला काढली. तिसरं वाचन, मोठ्यानं. वाचता वाचता थांबले. पुन्हा पहिल्यापासून बोट ठेवून गेले. बाई आहे, बॅग आहे, थांबा आहे, बस आहे, लाँड्रीची मालकीण आहे, मालकिणीचा कुत्रासुद्धा आहे. पण ती बाई एकटी राहते. गोष्टीत म्हातारी नाही. औषधालाही नाही.

मग हिने ती कुठून आणली? आणि माळ्यावरची बॅग कशाला पुसली?

पुढच्या तासाला मी सगळ्यांच्या आधी पोचले. "मॅडम, या गोष्टीत म्हातारी कुठंय?"

"नाहीच आहे," त्या म्हणाल्या. "पण वरच्या वर्गातल्या एकीनं घातलीय. तुम्हाला कसं कळलं?"

"अंदाज."

"नियमच आहे तो. गोष्टीत आपलं एक माणूस घालायचं. मूळ गोष्ट बदलायची नाही, फक्त एक माणूस जास्त. मग ती क्लिप दुसऱ्या वर्गाला ऐकवायची, आणि ऐकणाऱ्यांनी त्या जास्तीच्या माणसाच्या बाजूनं उत्तर द्यायचं. नावं सांगत नाही मी कुणाची. आज तीच ऐकायचीय."

मला उठून जाता आलं असतं. गुडघे दुखतात म्हटलं असतं तर कुणी अडवलं नसतं. पण आयुष्यभर दुसऱ्यांचं ऐकलेली मी, माझ्याबद्दलचं ऐकायची वेळ आल्यावर पळून जाऊ?

मॅडमनी टेबलावर फोन ठेवला आणि बटण दाबलं. पहिल्या श्वासातच आवाज ओळखला मी. तीन वाक्यं झाली की मॅडम थांबवायच्या, आम्ही अर्थ लावायचो, मग पुढे. डॉक्टर फळ्यावर मराठीत लिहीत होते. हे असं:

मी रोज बॅग काढते. म्हातारी आत पडलेली असते, डोळे मिटून. ती जागी आहे हे मला माहीत आहे. मी तिला काही सांगितलेलं नाही, पण तिला कळलंय. तिचा मुलगा माझा नवरा होता. आता तो नाही. ती मला राहा म्हणत नाही. एकदा जरी म्हणाली असती, तर मला ‘नाही’ असं उत्तर देता आलं असतं. ती काहीच म्हणत नाही. म्हणून मी दाराशी जाते आणि परत येते.

खाली पार्सलाला टेप लागल्याचा आवाज आला. मी फळ्याकडे बघितलं नाही, टेबलाकडे बघत बसले.

"खत्रूड आहे म्हातारी," केकवाली म्हणाली.

"खत्रूड नाही, पोचलेली आहे," डॉक्टर म्हणाले. "न बोलता बांधून ठेवलंय तिला. आमच्याकडे असे पेशंट यायचे. दुखतं म्हणणार नाहीत, पण हात लावू देणार नाहीत."

नवरदेव म्हणाला, "मला तर वाटतं, या बाईलाच जायचं नाहीये. म्हातारीचं आपलं निमित्त."

"तुम्हाला काय माहीत हो तिचं?" माझा आवाज चढला. "तिचा मुलगा गेलाय. पोटचा मुलगा गेल्यावर बाईनं कुठल्या तोंडानं म्हणायचं, तू थांब माझ्यासाठी म्हणून? ही काय तिची पोटची लेक आहे? कुठला हक्क आहे तिचा? आणि जा तरी कसं म्हणेल? दगड आहे का ती?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मॅडमना मात्र आनंद झाला. शिक्षकांना काय, वर्गात कुणी भडकलं की सोनं सापडल्यासारखं वाटतं.

"वा आजी! तुम्ही तिच्या बाजूनं. मग आज तुम्हीच ती म्हातारी. बोला. पण स्पॅनिशमध्ये."

त्यांनी फोन माझ्यासमोर सरकवला. "रेकॉर्ड करतेय. उद्या संध्याकाळी वरच्या वर्गाला ऐकवीन."

मी तिचा आवाज पहिल्या श्वासात ओळखला होता. ती माझा ओळखणार नाही होय? सहा महिने तोंड लपवून केलेली हेरगिरी उद्या संध्याकाळी भर वर्गात वाजणार. एक मन म्हणत होतं, काहीतरी गुळमुळीत बोल आणि सुटका करून घे. मी तोंड उघडलं, आणि गुळमुळीत बोलता येईल इतकी भाषाच माझ्याकडे नव्हती. मला फक्त साधी वाक्यं येत होती. साध्या वाक्यांत खोटं बोलायला फार हुशारी लागते.

मी म्हटलं ते मराठीत असं होईल. मी जागी आहे. मी रोज ऐकते. मला भीती वाटते. मी राहा म्हणते, तर तू दयेनं राहतेस. मी जा म्हणते, तर तू जातेस. म्हणून मी डोळे मिटते. हे चांगलं नाही.

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. केकवाली म्हणाली, सॉरी आजी, मी खत्रूड म्हटलं. तिला काय माहीत कुणाला म्हटलं ते.

मॅडम हळूच म्हणाल्या, "दया हा शब्द कुठून आला तुमच्याकडे? मी तर शिकवला नाही."

"दुसऱ्या गोष्टीत होता. भिकाऱ्याच्या."

दुसऱ्या दिवशी मी दिवसभर घड्याळ बघितलं. तिच्या वर्गाची वेळ झाली, संपली. लिफ्टचा आवाज आला की माझा जीव वर, कुणीतरी दुसऱ्याच मजल्यावर उतरलं की खाली. रागानं सरळ निघून गेली असेल तर? मैत्रिणीकडे जाऊन बसली असेल तर? मी टीव्ही लावला होता, पण काय चाललंय ते विचाराल तर एक अक्षर सांगता येणार नाही.

कुलूप फिरलं. ती आत आली, पर्स खांद्यावर तशीच, आणि माझ्यासमोर येऊन टीव्ही बंद केला.

"व्यायाम," ती म्हणाली.

"जिभेचा," मी म्हटलं.

"कधीपासून?"

"झाले सहा महिने."

"माझ्यावर पाळत ठेवायला?"

"हो." आता लपवायचं काय राहिलं होतं?

ती रागावेल म्हणून मी मान खाली घातली होती. पण ती हसायला लागली, मग हसता हसता खुर्चीत बसली, आणि मग तिचा चेहरा बदलला. "माझ्या शेजारची मुलगी म्हणाली, केवढी छान बोलली ही म्हातारी, ॲक्टिंग काय करते! आणि मला तिथून उठता येईना, आई."

मी नुसता रिमोट सरळ करून ठेवला. जित्याची खोड.

"स्पॅनिश बोलतात तिकडच्या एका डोळ्यांच्या हॉस्पिटलनं मला बोलावलंय," ती म्हणाली. "दोन वर्षांचं काम आहे, पुढे वाढू शकतं. कुणी माणूसबिणूस नाही, ते आधीच सांगते, कारण तुम्ही तोच विचार केला असणार. या आठवड्यात हो किंवा नाही कळवायचंय. मी बॅग पुसली. परत वर ठेवली. तुम्हाला सांगायला रोज तोंड उघडते आणि मीठ जास्त झालं का विचारते."

मला तिला विचारायचं होतं. मराठीत ते विचारता येईना. या भाषेत मी चार वर्षं गप्प बसले होते, त्या गप्प बसण्याचं ओझं एकेका शब्दावर होतं. मग मी पाठ ताठ करून बसले, वर्गात बसते तशी.

"ते केदास?" मी म्हटलं. राहतेस?

तिने माझ्याकडे बघितलं. तिच्याच क्लिपमधलं वाक्य मी ऐकलंय आणि समजून घेतलंय, हे तिच्या लक्षात आलं. मी तिच्याकडे राहण्याची भीक मागत नव्हते. मागत होते की नव्हते, देव जाणे. थोडी मागतही होते. पण तिला ज्यासाठी हा प्रश्न हवा होता, त्यासाठीच मी तो विचारला, आणि तिला ते कळलं.

तिने खांद्यावरची पर्स काढून मांडीवर ठेवली. मग मराठीत म्हणाली, "नाही, आई. मला जायचंय."

फार लागलं मला ते. खोटं कशाला सांगू?

"बरं," मी म्हटलं. "मग उद्या सकाळी पहिलं त्यांना कळव."

आणि मी रडले. मुलगा गेला तेव्हा सुद्धा तिच्यासमोर रडले नव्हते, न्हाणीघरात नळ सोडून रडले होते. आज तिच्यासमोर, दिवा चालू ठेवून, नाक ओढत रडले. ती उठून माझ्या शेजारी येऊन बसली, माझा हात तिने दोन्ही हातांत घट्ट धरला, आणि माझं रडणं थांबेपर्यंत सोडला नाही. पण दिलेलं उत्तर तिने मागे घेतलं नाही. घेतलं असतं तर मी तिला जन्मात माफ केलं नसतं.